लीड्स युनायटेड ही इंग्लिश फुटबॉल टीम 2020 मध्ये कोविडमुळे लीग अर्धवट थांबल्याने प्रीमियर लीगमध्ये गेली का?

नाही, पूर्ण 46 सामने खेळून, चॅम्पियनशिप (प्रीमियर लीगच्या लगेच खालची लीग) जिंकूनच लीड्स वर गेली. गुणतक्ताच बघा: लीड्स 93, दुसरी वेस्ट ब्रॉम 83. मार्चमध्ये लीग थांबली तेव्हा लीड्स 71 गुणांवर पहिलीच होती. जूनमध्ये पुन्हा सुरू झाल्यावर उरलेल्या नऊपैकी सात सामने जिंकले. त्यातला स्वान्सीविरुद्धचा विजय सगळ्यात मोलाचा, 89व्या मिनिटाला पाब्लो हर्नांडेझचा गोल! प्रशिक्षक बिएल्साच्या या संघाने गोलही लीगमध्ये सर्वांत कमी खाल्ले, फक्त 35. एवढं मात्र खरं, की शेवटचे नऊ सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. प्रीमियर लीगमध्ये परतण्याची सोळा वर्षं वाट पाहिलेल्या प्रेक्षकांना तो क्षण मैदानात अनुभवता आला नाही, याचं वाईट वाटतं.