स्प्लिटरवरचं ते नळकांडं काढू का?

तुमचा प्रश्न असा : न्यू जर्सीतल्या नव्या घराच्या तळघरात केबल आत येते तिथे, स्प्लिटरच्या (एका केबलच्या अनेक केबली करणाऱ्या डबीच्या) तोंडाशी, बोटाएवढं धातूचं नळकांडं लावलंय. वरच्या खोलीत नेट रखडतं. ते काढलं तर वेग वाढेल का?

काढू नका. निदान आधी त्याच्यावरचे आकडे वाचा.

तो फिल्टर आहे, म्हणजे ठरावीक पट्ट्यातलेच सिग्नल पुढे जाऊ देणारा. एकाच कोॲक्स केबलमधून (केबल टीव्हीची जाड गोल तार) सगळी वाहतूक चालते, प्रत्येकीचा पट्टा वेगळा. अपलोड जुन्या पद्धतीत ५ ते ४२ मेगाहर्ट्झमध्ये (आता बऱ्याच ठिकाणी ८५ पर्यंत), टीव्ही आणि डाउनलोड त्याच्या वर. घरातल्या घरात एक बॉक्स दुसऱ्याशी बोलतो ते 'मोका', ते साधारण ११२५ ते १६७५ मध्ये. तुमच्या फिल्टरवर '५-१००२' असं काही छापलेलं असेल, तर तो मोकाचा फिल्टर. इंटरनेट आणि टीव्ही त्यातून सुखरूप जातात, मोका तेवढं अडतं. तो काढलात तर वेग तसूभरही वाढणार नाही, उलट तुमचं मोका बाहेरच्या टॅपवरून (जिथून घराघरांत केबल फुटते ती डबी) शेजाऱ्यांच्या केबलीत शिरू शकेल. बऱ्याच उपकरणांत मोकाचा पासवर्ड मुळात बंदच असतो, म्हणून हे मी हलक्यात घेत नाही. शिवाय अडलेला सिग्नल तिथून परत फिरतो आणि स्प्लिटरच्या एका तोंडातून दुसऱ्यात जायला त्याला मदत होते. म्हणजे तो तुमच्याही कामाचा आहे.

पण आकडा '५४ च्या वर' असा असेल, तर गोष्ट वेगळी. तो हाय-पास, म्हणजे त्या आकड्याच्या वरचंच जाऊ देणारा, खालचं अपलोड अडवणारा. स्प्लिटरपासून टीव्हीकडे जाणाऱ्या फांदीवर तो हवा, कारण घरातल्या सैल जोडांतून शिरलेला गोंगाट अपलोडच्या पट्ट्यात चढतो, आणि वस्तीतल्या सगळ्या घरांचा गोंगाट कंपनीकडे जाताना एकत्र जमतो. एका घराची घाण सगळ्यांचं नेट बिघडवते. मोडेमच्या फांदीवर मात्र हा फिल्टर म्हणजे घात.

हे माझ्याच घरी झालं. मोडेम दिवाणखान्यातून मागच्या खोलीत हलवला. डाउनलोडचा दिवा लगेच स्थिर झाला, अपलोडचा लुकलुकतच राहिला. मोडेम बदलला, केबल बदलली, अर्धा दिवस गेला. शेवटी भिंतीवरची प्लेट उघडली, तर मागे जुन्या भाडेकरूच्या टीव्हीसाठी लावलेला हाय-पास. तो सोडवला आणि दोन मिनिटांत मोडेम जोडला गेला. डाउनलोड लागतं पण अपलोड लागत नाही, हे लक्षण दिसलं की आधी असा फिल्टर शोधा. ऑन-डिमांड (मागाल तो कार्यक्रम) चालणारा सेटटॉप बॉक्स कंपनीकडे उलट सिग्नल पाठवत असेल, तर त्याच्याही वाटेत हाय-पास नको.

तुमच्या रखडण्याचं कारण मला स्प्लिटरमध्ये दिसतंय. चार तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक तोंडावर सिग्नलचा साधारण ७ डेसिबल जोर खातो, दोन तोंडांचा साडेतीन. मोडेमला दोन तोंडांच्या स्प्लिटरवरून थेट फांदी द्या आणि टीव्हीची वाटणी त्याच्या पुढे करा. मोकळी तोंडं ७५ ओहमच्या टोपीने बंद करा. मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ उघडा (बहुतेक मोडेमचं पान तिथे असतं) आणि डाउनलोड-अपलोडच्या सिग्नलच्या पातळ्या इथे टाका. फिल्टरवर छापलेले आकडेही लिहा.