आईचं 'विशुद्ध चक्र बंद' आहे असं सांगितलंय. चक्रतपासणीवर विश्वास ठेवावा का?

तुम्ही लिहिलंय की बडोद्यातल्या एका हीलिंग सेंटरमध्ये लोलक धरून आईचं 'विशुद्ध पूर्ण बंद, अनाहत कमजोर', म्हणजे गळ्याचं चक्र बंद आणि छातीचं कमजोर, असं निदान केलं आणि सिटिंगचं पॅकेज घ्यायला सांगितलं. काही महिने आईला थकवा आहे, आवाज बसलाय, वजन वाढतंय. मग सगळ्यात आधी थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या, तिला टीएसएच म्हणतात. ही तीन लक्षणं एकत्र दिसली की कुठलाही फिजिशियन ती करायला सांगेल. बाकीचं त्यानंतर.

मी प्राणिक हीलिंग, म्हणजे हात न लावता प्राणशक्तीने उपचार करण्याची पद्धत, रीतसर शिकले आहे आणि दांडिया बाजारच्या आसपासच्या बायकांना ध्यान शिकवते. चक्रांवर माझी श्रद्धा आहे. म्हणूनच ती कशी 'तपासतात' ते स्पष्ट सांगते.

लोलक म्हणजे बारीक साखळीला लावलेला टोकदार खडा. तो छातीवर, गळ्यावर चार बोटं वर धरतात. गोल फिरला तर चक्र खुलं, नुसता हलला किंवा थांबला तर बंद. घरी करून पाहा. अंगठीला दोरा बांधा, कोपर अधांतरी ठेवून धरा आणि मनात 'गोल' म्हणा. थोड्या वेळात ती गोल फिरू लागेल, आणि तुम्ही फिरवताय असं तुम्हाला अजिबात वाटणार नाही. आता कोपर टेबलावर टेकवा. फिरणं मंदावेल. मग तोच दोरा खिळ्याला टांगा आणि त्याखाली कुणालाही झोपवा. अंगठी ढिम्म हलणार नाही. शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1833 मध्ये हेच मांडलं होतं; डोळे बांधले की त्याच्या लोलकाचा अपेक्षित परिणाम दिसेनासा झाला. मनात जे असतं त्याच्या बेताने स्नायू नकळत हलतात. म्हणजे लोलक धरणाऱ्याचा अंदाज दाखवतो. तो फसवत असतो असं नाही, त्यालाही ते खरंच वाटत असतं.

तळहाताने 'स्कॅन' करणं आम्हाला शिकवतात. हात चोळायचे, मग अंगापासून वीतभर अंतरावरून हळूहळू फिरवायचे. तळव्यात मुंग्या येतात, ऊब जाणवते, कुठे दाब वाटतो. ही जाणीव खरी असते, मलाही येते. पण ती समोरच्याच्या शरीराची की आपल्याच तळव्याची? अशाच पद्धतीने हात फिरवणाऱ्या 21 उपचारकांची परीक्षा अमेरिकेतल्या एमिली रोझा या मुलीने घेतली. मधे पडदा, आणि तिचा हात आपल्या कुठल्या हातावर आहे एवढंच त्यांनी ओळखायचं. बरोबर उत्तरं आली 44 टक्के. नुसता अंदाज केला असता तरी पन्नासच्या आसपास आली असती. 1998 मध्ये हा अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. 'ऑरा'चे रंगीत फोटो काढणारी यंत्रं तर हाताच्या त्वचेवरच्या विजेच्या मोजमापाला रंग देतात. त्यावर जास्त बोलायला नको.

आणि परंपरा तरी काय सांगते? पूर्णानंदांच्या 1577 च्या षट्चक्रनिरूपण या चक्रांवरच्या संस्कृत ग्रंथात अनाहताच्या बारा पाकळ्या बंधूकाच्या फुलासारख्या तांबड्या आहेत. सेंटरच्या तक्त्यावर ते हिरवं असेल, कारण इंद्रधनुष्याचे सात रंग विसाव्या शतकात पश्चिमेकडे जुळवले गेले. हेवज्रतंत्र या बौद्ध ग्रंथात चक्रं चार, नाथांच्या सिद्धसिद्धांतपद्धतीत नऊ, आमच्या प्राणिक हीलिंगमध्ये मुख्य चक्रं अकरा. साधकाने चित्त कुठे लावायचं, त्या जागा या. तिथे कमळ, बीजमंत्र, देवता यांचं ध्यान करायचं असतं. दुसऱ्याने येऊन ती मोजावीत म्हणून त्या सांगितलेल्या नाहीत.

आपल्या बडोद्यातच 1908 च्या सुरुवातीला ग्वाल्हेरहून बोलावलेले विष्णु भास्कर लेले आणि श्री अरविंद तीन दिवस एका खोलीत ध्यानाला बसले होते. लेल्यांनी सांगितलं ते एवढंच: विचार बाहेरून येतात ते पाहा आणि आत शिरायच्या आधी परतवा. श्री अरविंदांचं मन त्या बैठकीत निःशब्द झालं. तिथे कुणी कुणाची चक्रं तपासली नव्हती. मराठी गुरूचा हा वारसा आपल्या गावाला आहे, आणि आपण मात्र पॅकेज विकत घेतोय, याचं मला फार वाईट वाटतं.

आईला तिथे जाऊन बरं वाटत असेल तर तिला तोडून बोलू नका. अर्धा तास शांत पडून राहणं, कुणीतरी आपल्याकडे पूर्ण लक्ष देणं, हे आपल्याकडच्या बायकांच्या वाट्याला फार कमी येतं. पण आगाऊ पैसे भरू नका, आणि 'औषधं बंद करा' असं कुणी म्हणालं तर त्याच क्षणी उठून या. तपासणी पारखायचीच असेल तर आईला काहीही न बोलता दोन वेगळ्या हीलरना एकाच दिवशी दाखवा, दोघांकडून लिहून घ्या आणि कागद शेजारी ठेवून वाचा.

घरी तिला सकाळी भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडण्याचा प्राणायाम, करायला सांगा. एक हात गळ्याखाली, एक छातीवर. गुंजारव हाताला लागतो, तिथेच लक्ष ठेवायचं. थायरॉइड निघालाच आणि गोळी सुरू झाली, तर ती रिकाम्या पोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यायची असते. भ्रामरी त्याच अर्ध्या तासात बसवा. रिपोर्ट आला की इथे कळवा, मी वाट बघते.