रेंज फुल, नेट गुल: घरच्या नेटवर्कविषयी वाचकांचे प्रश्न

घरोघरी आणि दुकानोदुकानी नेटवर्कच्या वायरी ओढण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली. तरी दर महिन्याला तेच प्रश्न येतात, फक्त गाव बदलतं. म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देतो. एक विनंती आधीच करतो: काही बिघडलं की पहिल्यांदा 'नेट बंद आहे' म्हणू नका. नेट म्हणजे एक वस्तू नव्हे. मोबाइल ते राउटर, राउटर ते फायबरचा डबा, डबा ते खांब, खांब ते कंपनी, अशी ती साखळी आहे. कुठली कडी तुटली तेवढं सांगा, पुढचं सोपं असतं.

प्रश्न: मोबाइलवर वायफायच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात, तरी व्हॉट्सॲप 'कनेक्टिंग'वर अडकून बसतं. दुकानदार म्हणतो राउटर जुना झालाय, नवा घ्या. घेऊ का? (शिक्षिका, चिपळूण)

थांबा, पैसे काढू नका. काड्या फक्त तुमचा मोबाइल आणि राउटर यांच्यामधलं सांगतात. नळाची तोटी चकचकीत आहे म्हणून टाकीत पाणी असेलच असं नाही.

भिंतीवर फायबरचा जो पांढरा किंवा काळा डबा आहे, त्याचे दिवे बघा. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल होऊन लुकलुकत असेल तर बाहेरून प्रकाशच घरात पोचत नाही. अशा वेळी दहा हजारांचा राउटर आणलात तरी व्हॉट्सॲप तिथेच अडकणार. बाहेर तार तुटलेली असू शकते, पण कितीदा तरी दोष घरातच सापडतो: सोफ्याच्या पायाखाली दबलेली, दाराच्या फटीत चेमटलेली किंवा कपाट सरकवताना काटकोनात मुडपलेली फायबर. तांब्याची वायर वाकवलेली चालते, काचेच्या तंतूला ते सोसत नाही.

कंपनीचा माणूस आला की त्याला मीटर लावून आत पोचणाऱ्या प्रकाशाचा आकडा दाखवायला सांगा आणि तो डब्यावर पेनाने तारखेसकट लिहून ठेवा. मायनस २० डीबीएमच्या आसपास असेल तर उत्तम. मायनस २७च्या आसपास गेला की जोडणी तुटक व्हायला लागते. पुढच्या वेळी 'आमच्याकडून सगळं ठीक आहे' असं उत्तर मिळालं, तर तुमच्याकडे जुना आकडा असेल. फायबरचं टोक काढून डोळ्यासमोर मात्र धरू नका. त्यातला लेझर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

लाल दिवा नसेल, तर आधी रिचार्ज संपलाय का ते बघा. हसू नका, बरेचदा तेच निघतं. तेही नसेल तर कंपनीला फोन करा.

प्रश्न: प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे आणि डाउनलोड करताना जेमतेम १२ दिसतात. ही फसवणूक नाही का? (विद्यार्थी, लातूर)

नाही. प्लॅन बिटमध्ये असतो आणि डाउनलोड बाइटमध्ये दिसतं. ८ बिटांचा १ बाइट, म्हणून १०० भागिले ८.

प्रश्न: मोडेम, राउटर आणि स्विच यांत फरक काय? क्लासमध्ये तिन्ही एकच असल्यासारखं शिकवतात. (विद्यार्थिनी, वर्धा)

मोडेम किंवा फायबरचा डबा बाहेरून आलेल्या सिग्नलचं भाषांतर करतो. राउटर तुमच्या घराचं नेटवर्क बाहेरच्या नेटवर्कला जोडतो. स्विच एकाच नेटवर्कमधल्या यंत्रांना आपापसांत जोडतो. आजकाल तिघं एकाच डब्यात बसवलेले असतात, गोंधळ त्यामुळेच होतो.

प्रश्न: खोक्यावर '१२००' लिहिलेला राउटर घेतला. प्लॅन ३०० एमबीपीएसचा. पण वायर लावून लॅपटॉपवर तपासलं तर ९४च्या वर जात नाही. कंपनी म्हणते आमचा दोष नाही. (सीए, सांगली)

या वेळी कंपनी खरं बोलत असण्याची शक्यता बरीच आहे.

खोक्यावरच्या १२०० या आकड्याचा मला अनेक वर्षं राग आहे. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७, यांची कागदावरची बेरीज करून तो छापलेला असतो. तुमचा मोबाइल एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ही बेरीज तुम्हाला कधीच मिळत नाही. दोन एसटी गाड्यांचे वेग जोडून 'ताशी १२० किलोमीटर' म्हणण्यासारखंच ते. त्यातही अशा स्वस्त राउटरांपैकी कितीतरींच्या मागची वायरीची भोकं फक्त १०० एमबीपीएसची असतात. ते खोक्याच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरात '१०/१००' असं छापलेलं असतं. तुमचे ९४ बहुधा तिथलेच: १००मधून वाहतुकीचा खर्च वजा जाता उरणारे.

भोकं '१०/१००/१०००' असतील तर वायर तपासा. त्या केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, नेहमीच्या जोडणीत नारिंगी आणि हिरवी. १००० एमबीपीएसला चारही लागतात. उरलेल्या निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार तुटली तर नेट बंद पडत नाही, गुपचूप १००वर उतरतं, आणि म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाही. एका दवाखान्यात दोन राउटर बदलून झाल्यावर मला बोलावलं होतं. केबलच्या टोकाची क्लिप भिंगाखाली धरली, तर सात तारा टोकाला टेकलेल्या आणि आठवी, तपकिरी, तांदळाच्या दाण्याएवढी मागे राहिलेली. क्लिप कापून नवी लावली. दोन राउटरचे पैसे गेले ते गेलेच.

केबल घेताना आणखी एक बघा. 'कॉपर' म्हणून विकली जाणारी बरीच केबल आतून ॲल्युमिनियमची, वरून तांब्याचा मुलामा असलेली असते. ब्लेडने तार खरवडा, आत पांढरी दिसली तर परत करा. दुकानदाराकडून बिलावर 'प्युअर कॉपर' लिहून घ्या. तो लिहायला तयार नसेल तर उत्तर मिळालंच. भिंतीतली वायरिंग नव्याने करायची असेल तर अंदाजाने सुरुवात न करता, जाणकाराकडून टेस्टर लावून आठही तारा तपासून घ्या.

प्रश्न: माझ्या मोबाइलचा आयपी पत्ता १९२.१६८.१.५ आहे. शेजारच्या काकांचाही तोच निघाला. आमचे मेसेज त्यांना जात असतील का? (गृहिणी, डोंबिवली)

नाही जात. तुमच्या सोसायटीतही १०१ नंबरचा फ्लॅट आहे आणि समोरच्या सोसायटीतही. पोस्टमन गोंधळत नाही, कारण तो आधी सोसायटी बघतो.

१९२.१६८ने सुरू होणारे पत्ते घरातल्या घरात वापरायला राखून ठेवलेले आहेत, १९९४ सालापासून. बाहेरच्या जगाला तुमचा राउटर वेगळाच पत्ता दाखवतो आणि आतल्या सगळ्यांची पत्रं त्या एका पत्त्यावर घेऊन वाटून देतो. असं करावं लागतं, कारण जुन्या पद्धतीचे पत्ते साधारण ४३० कोटीच होतात, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे २०११च्या फेब्रुवारीत वाटून संपले. नव्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही६मध्ये, टंचाई नाही.

जाता जाता: मोबाइलला किंवा लॅपटॉपला १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही. त्याने स्वतःच मनाने एक लावून घेतलाय. राउटर बंद करून चालू करा. परत तेच झालं तर कोणाला तरी दाखवा.

प्रश्न: भाचा म्हणतो डीएनएसमध्ये ८.८.८.८ टाकलं की स्पीड दुप्पट होतो. (निवृत्त बँक कर्मचारी, रत्नागिरी)

होत नाही. डीएनएस ही नावावरून नंबर शोधून देणारी डिरेक्टरी आहे. नंबर लवकर सापडला म्हणून पुढचं बोलणं वेगात होत नाही. कंपनीची डिरेक्टरी वारंवार बंद पडत असेल तर बदलण्यात अर्थ आहे. पण राउटरमध्ये तुम्ही न टाकलेला, अनोळखी डीएनएस पत्ता दिसला तर तो भाच्याचा विषय नाही, काळजीचा आहे. कोणी तरी तुमची डिरेक्टरी बदलली की बँकेच्या नावापुढे तो स्वतःचा नंबर देऊ शकतो. ब्राउझर सुरक्षिततेचा इशारा दाखवत असेल तर पुढे जाऊ नका.

प्रश्न: दुकानात चार कॅमेरे आणि डीव्हीआर बसवून वर्ष झालं. बसवणाऱ्याने पासवर्ड 'ॲडमिन' आणि '१२३४५६' असाच ठेवलाय, आणि मोबाइलवर दिसावं म्हणून राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून दिलंय. 'आपल्या एवढ्याशा दुकानात कोण बघायला येतंय' असं तो म्हणतो. बदलायचंय, पण दिवाळीची गडबड संपली की बघू म्हणतोय. घाई आहे का? (किराणा दुकानदार, बार्शी)

दिवाळीनंतर? वर्ष झालंय म्हणता. हे उत्तर वाचून झालं की आधी उठा आणि राउटरमधलं ते पोर्ट बंद करा. मग पुढचं वाचा.

'कोण येतंय बघायला' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता चिडतही नाही, वहीत लिहून ठेवतो. येणारा माणूस नसतोच हो. प्रोग्राम असतो. तो जगातले पत्ते एकामागून एक ठोठावत सुटतो, आणि त्याला बार्शीचं किराणा दुकान आणि न्यूयॉर्कची बँक यांतला फरक कळत नाही. दार उघडं दिसलं की ठरलेले पासवर्ड लावून बघतो.

२०१६ साली 'मिराय' नावाच्या प्रोग्रामने हेच केलं. त्याच्याकडे नाव-पासवर्डच्या साधारण साठ जोड्यांची यादी होती. सगळ्या कारखान्यातून येतात तशा, 'ॲडमिन-ॲडमिन' छापाच्या. तेवढ्या यादीवर लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर त्याच्या ताब्यात गेले. लिहिणारे तिघे तरुण, आणि मूळ हेतू काय, तर माइनक्राफ्ट या खेळाचे सर्व्हर चालवणाऱ्यांच्या धंद्यातली चढाओढ. पुढे त्याचा कोड उघडा पडला आणि कोणीही वापरू लागलं. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या डीएनएस कंपनीवर त्याच्या साहाय्याने मारा झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट तासन् तास उघडेनात. ज्यांच्या डब्यांतून तो मारा झाला, त्यांना त्याचा पत्ताही नसणार. त्यांचे कॅमेरे नीट चालू होते, चित्र दिसत होतं.

तुमचंही चित्र दिसत असेल. म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका.

'बंद करून चालू केलं की व्हायरस जातो' असंही तो बसवणारा सांगेल. मिराय खरंच जायचा, कारण तो मेमरीतच राहायचा. पण पासवर्ड तोच राहिला तर काही मिनिटांत परत यायचा. म्हणून क्रम पाळा: पोर्ट बंद, मग डीव्हीआर आणि राउटर दोन्हींचे पासवर्ड बदला, मग बंद करून चालू करा. पासवर्ड लांब ठेवा, दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर नको. राउटरमधलं 'रिमोट मॅनेजमेंट', म्हणजे बाहेरून त्याची सेटिंग बदलायची सोय, बंद आहे का बघा. मोबाइलवर चित्र हवंच असेल तर पोर्ट न उघडता जमतं, उत्पादकाच्या ॲपमधून किंवा व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा खाजगी बोगदा) लावून. कुठलं योग्य ते तुमच्या डीव्हीआरच्या मॉडेलवर ठरेल. त्यासाठी जाणकाराला बोलवा. ज्याने '१२३४५६' ठेवला त्याला नको. आणि डीव्हीआर इतका जुना असेल की त्याला कंपनीकडून अपडेट येणं बंद झालंय, तर त्याला इंटरनेटपासून तोडा. रेकॉर्डिंग तसंही चालू राहतं.

नवे कॅमेरे बसवून घेणाऱ्या सगळ्यांना सांगतो: शेवटचा हप्ता देण्याआधी पासवर्ड स्वतःच्या हाताने बदला. बसवणाऱ्याला तो सांगायची गरज नाही.

प्रश्न: बेडरूममध्ये रेंज येत नाही. सहा अँटेनांचा बूस्टर घ्यावा का? (आयटी कर्मचारी, ठाणे)

अँटेना मोजून राउटर घेऊ नये. आधी राउटर टीव्हीच्या मागून आणि कपाटातून बाहेर काढा. आरशाच्या मागचा मुलामा, पाण्याची टाकी आणि सळयांचा स्लॅब सिग्नल अडवतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण भिंतीपुढे कच्चा, २.४ लांब जाणारा पण शेजाऱ्यांच्या गर्दीत सापडलेला. २.४वर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी सगळ्यात रिकामं निवडा. साधा बूस्टर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्यावरच पुढे बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शक्य असेल तर बेडरूमपर्यंत एक केबल ओढून तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) लावा. इलेक्ट्रिशियनला सांगा, विजेच्या वायरीच्याच पाइपातून ती केबल नको.

प्रश्न: राउटरच्या यादीत अनोळखी उपकरणं दिसतात. कोणी चोरून वापरत असेल का? (वाचक, फोंडा, गोवा)

असेल किंवा नसेलही. हल्लीचे मोबाइल स्वतःचा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा ओळख क्रमांक, बदलून सांगतात, त्यामुळे घरातलाच फोन अनोळखी वाटतो. घरातले सगळे फोन, टीव्ही मोजा, त्यांचं वायफाय एकेक करून बंद करा आणि यादीत काय उरतं ते बघा. उरलंच काही, तर पासवर्ड बदला आणि डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद करा. त्याचा आठ आकडी पिन जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडतो, हे २०११ सालीच दाखवून झालंय. खात्यातून पैसे गेले असतील तर मला लिहीत बसू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा.

प्रश्न: 'वायफाय'चा फुलफॉर्म 'वायरलेस फिडेलिटी' बरोबर आहे ना? आमच्या नोट्समध्ये तोच आहे. (स्पर्धा परीक्षा देणारा, परभणी)

कशाचाच फुलफॉर्म नाही. १९९९ साली पैसे देऊन बनवून घेतलेलं ते एक नाव आहे. पेपरात काय लिहायचं ते मात्र सरांना विचारा.