ऑक्सिजन कमी आणि पेशंट जास्त असतील तर कुणाला द्यायचं हे कसं ठरवतात? वय बघतात का?

नुसतं वय बघत नाहीत, बघूही नये. मशिनशिवाय कुणाचं भागणारच नाही आणि मिळालं तर कोण तरून जाईल, हे बघतात.

मी गोव्यात आयसीयूची नर्स आहे. मे 2021 मध्ये इथे ऑक्सिजनचे काय हाल होते ते गोंयकारांना सांगायला नको, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं होतं. त्याच दिवसांत माझ्या नवऱ्याची मावशी आमच्या वॉर्डात होती. मास्कवर सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) 91, उशीला टेकून बसायची, चमच्याने पेज घ्यायची. समोर एक ट्रक ड्रायव्हर, 15 लिटरच्या मास्कवरही 78, एक वाक्य सलग बोलता येत नव्हतं. रात्री एक हाय फ्लो मशिन (नाकातल्या नळीतून जोरात ऑक्सिजन देणारं) मोकळं झालं. डॉक्टरांनी ते त्याला दिलं. बेड मी ढकलत नेला. धाकटे दीर आमदारांकडून फोन करवतो म्हणत होते, मी ‘नको’ म्हटलं.

हाय फ्लो मिनिटाला 60 लिटरपर्यंत ओढतं. जंबो सिलिंडरमध्ये साधारण 7000 लिटर, म्हणजे पुरते दोन तासही नाहीत. तेवढ्याच ऑक्सिजनवर मिनिटाला 15 लिटरचे चार मास्क चालतात. ज्याला मास्क पुरतोय त्याला हाय फ्लो देणं म्हणजे इतरांच्या तोंडचा काढून घेणं.

पुढच्या आठवड्यात मावशी गेल्या. तो ड्रायव्हरही गेला. दीर अजून सणासुदीला ऐकवतात, ‘तोही गेलाच ना, वहिनी? मग काय मिळवलंत?’ भाऊजी, निर्णय त्या रात्रीच्या आकड्यांवर घेतला होता. उद्या तशीच रात्र आली तर मी तेच करीन.

बेडपाशी उभ्या डॉक्टरवर हे सोडूच नये. उपचार न करणाऱ्या दोघातिघांची समिती हवी आणि नियम आधीच लिहून दारावर लावलेले हवेत. न्यूयॉर्क राज्याने 2015 मध्ये व्हेंटिलेटरसाठी अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली होती, त्यात सोफा स्कोअर (कुठले अवयव किती बिघडलेत याचे गुण) होता आणि ठराविक तासांनी पुन्हा तपासणी. अर्थात सोफाही पुरेसा नाही. तो सहा अवयवांचा हिशेब करतो, आणि कोविडमध्ये पुष्कळांची आधी फक्त फुप्फुसंच जायची, म्हणून स्कोअर फसवा यायचा.

नातेवाइकांनी वशिल्याचे फोन करू नयेत. त्यापेक्षा आधीचे आजार, चालू गोळ्या आणि घरी घेतलेली सॅच्युरेशनची वेळेसकट नोंद कागदावर लिहून आणा. अर्ध्या रात्री डॉक्टरला तोच कागद लागतो.