मुली हल्ली लवकर वयात येतात त्याचा घरच्या परिस्थितीशी, वातावरणाशी खरंच संबंध असतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी नऊची आहे, छातीत गाठ लागतेय, तुमची स्वतःची पाळी चौदाव्या वर्षी आली होती, मग आपलंच काही चुकलं का. मी डॉक्टर नाही, पण माझ्या मोठीच्या वेळी मी यातून गेलेय. आंघोळ करून आली आणि म्हणाली आई इथे दुखतंय, हात लावला तर एकाच बाजूला शर्टाच्या बटणाएवढी कडक गाठ, माझ्या डोक्यात डायरेक्ट कॅन्सर! डॉक्टरबाई म्हणाल्या सुरुवात बऱ्याचदा एकाच बाजूने होते, दुसरी नंतर येते, आणि पाळी त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी. म्हणजे नऊला गाठ आली म्हणून पाळी लगेच येणार असं नाही.

आता तुमचा प्रश्न. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतोच, आईची लवकर आली असेल तर मुलीचीही बहुतेक लवकर. पण युरोपात १९व्या शतकाच्या मध्याला पाळी १६-१७ व्या वर्षी यायची ती आता १३ च्या आसपास आलीये, एवढ्यात काही जीन्स बदलत नाहीत, बदललं ते खाणंपिणं आणि आजारपणं. अंगात चरबीचा साठा किती आहे हे मेंदूला लेप्टिन नावाच्या हार्मोनवरून कळतं, साठा पुरेसा असला की मेंदू हिरवा कंदील दाखवतो. म्हणून युद्धात, उपासमारीत पाळी लांबते, जिम्नॅस्टिक्स आणि बॅले करणाऱ्या मुलींचीही लांबते.

मला सगळ्यात नवल वाटलं ते श्रीमंत-गरिबीचं. आधी खात्यापित्या घरच्या मुली लवकर वयात यायच्या, जिथे अजून खायची मारामार आहे तिथे आजही तसंच आहे, पण अमेरिका-ब्रिटनमध्ये चित्र पार उलटं झालंय, तिथे गरीब घरातल्या मुली लवकर. कारण पोट भरतं पण स्वस्तातल्या खाण्याने वजन वाढतं, आणि वर घरातला ताण. ताणाची गंमत अशी की उपाशीपोटीचा ताण पाळी लांबवतो पण भरल्या पोटी घरात सतत भांडणं, असुरक्षितता असेल तर ती लवकर येऊ शकते, बेल्स्की नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ही थिअरी मांडली. वडील घरात नसलेल्या मुलींमध्येही हे थोडंफार दिसतं, पण त्यात जीन्स किती आणि घर किती हे वेगळं काढणं अवघड, त्यामुळे यावरून कुणी एकट्या आईला बोल लावत असेल तर सरळ दुर्लक्ष करा.

स्वीडनमध्ये भारतातून दत्तक गेलेल्या मुलींचा अभ्यास झालाय, त्यांची पाळी साधारण ११.६ व्या वर्षी आली, म्हणजे आधी कुपोषण आणि मग एकदम भरपूर खाणं हा झटका शरीराला लागत असावा. २०२० च्या लॉकडाऊननंतर इटलीत आणि इतरही ठिकाणी डॉक्टरांकडे अशा लहान मुली जास्त येऊ लागल्या होत्या. प्लास्टिक, कॉस्मेटिक्समधल्या केमिकल्सवर संशय आहे पण पुरावा वजनाइतका भक्कम नाही, तेव्हा घरातले सगळे डबे फेकत बसू नका (मी फेकले होते, नवरा अजून ऐकवतो).

आठ वर्षांच्या आत छातीची वाढ सुरू झाली तर मात्र लगेच दाखवायचं, तसंच तेरापर्यंत काहीच नाही किंवा पंधरापर्यंत पाळी नाही तरीही. नऊ नॉर्मलमध्येच येतं. तरी उंची एकदम झपाट्याने वाढत असेल तर एकदा विचारा, डाव्या हाताच्या पंजाचा एक्सरे काढून हाडांचं वय बघतात, माझ्या मुलीचा काढला होता, ठीक निघाला.

आणि तिला आत्ताच सगळं सांगून ठेवा. माझीला साडेअकराव्या वर्षी शाळेत पीटीच्या तासाला आली, दप्तराच्या मागच्या कप्प्यात पॅड आधीपासून ठेवलेलं होतं, घरी येऊन मला म्हणाली "झालं ते" आणि टीव्ही लावला.