मधले व्यापारी काढून टाकले तर किराणा माल स्वस्त होईल का?

तुमचा प्रश्न असा की, कारखान्यातून निघालेला साबण किंवा बिस्किटपुडा गल्लीतल्या दुकानात येईपर्यंत किती हातांतून जातो आणि मधले लोक काढले तर तो स्वस्त का मिळू नये? मी बार्शी भागात अशाच मालाची एजन्सी चालवतो, म्हणजे त्या मधल्या लोकांपैकीच एक आहे.

कारखान्यातून माल कंपनीच्या डेपोत येतो. डेपो बहुतेकदा कंपनीने नेमलेला एजंट सांभाळतो, पण तिथला माल कंपनीचाच असतो. पूर्वी जवळपास प्रत्येक राज्यात असा डेपो ठेवावा लागे. दुसऱ्या राज्यात थेट विक्री केली की केंद्रीय विक्रीकर बसायचा, स्वतःच्याच डेपोत माल हलवला तर नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि हे कारण संपलं. छोटे डेपो बंद करून मोठी गोडाऊनं करणं परवडू लागलं. भिवंडीच्या गोडाऊनांची वाढ मात्र त्याआधीचीच. मुंबईत शिरताना जकात लागायची, म्हणून माल अलीकडेच उतरायचा.

डेपोतून माल माझ्याकडे येतो तो विकत घेतलेला. पैसे आधी भरायचे, मग गाडी सुटते. माझ्याकडून दुकानदाराकडे आणि तिथून तुमच्याकडे. खेड्यातला अगदी छोटा दुकानदार बाजाराच्या दिवशी होलसेलवाल्याकडून थोडा थोडा नेतो, ती वाट वेगळी.

मोठ्या कंपन्यांच्या रोजच्या मालावर मला साधारण 4 ते 6 टक्के सुटतात, दुकानदाराला 8 ते 12. माझ्या वाट्यातून गोडाऊनचं भाडं, टेम्पोचं डिझेल, हमाली, सेल्समनचा पगार भागवायचा. उरतं ते थोडंच, आणि तेही उधारी वसूल झाली तर.

खरा विषय उधारीचाच आहे. वैरागच्या एखाद्या दुकानात आमचा पोरगा माल घेऊन जातो तेव्हा दुकानदार म्हणतो, "मागचं बिल घे, आजचं राहू दे." याला आम्ही बिल टू बिल म्हणतो. आठवडाभर, कधी पंधरा दिवस माझे पैसे त्याच्या फळीवर माल होऊन बसलेले असतात. तोही पुढे गिऱ्हाइकाच्या वहीवर लिहून ठेवतो, सोयाबीनचे पैसे आले की मिळतील म्हणून. कंपनी यातलं काहीच उधार देत नाही. मधला माणूस काढलात तर हा भार कोणी उचलायचा, ते आधी ठरवावं लागेल.

दुसरं, कंपनीकडून माल ट्रकने येतो आणि दुकानदाराला हवे असतात सहा पुडे आणि शाम्पूच्या पुड्यांच्या दोन माळा. पेटी फोडून, दहा कंपन्यांचा माल एका टेम्पोत लावून चाळीस दुकानं फिरायची, तारीख संपत आलेला माल पुढे लावायचा, फुटका परत आणायचा आणि त्याचा क्लेम कंपनीकडे लावून महिनोन् महिने वाट बघायची. हे काम कोणीही केलं तरी त्याला खर्च येणारच. ऑनलाइन कंपन्यांनाही येतो.

22 सप्टेंबर 2025 ला साबण, टूथपेस्ट, बिस्किटांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा दुकानदारांकडे जुन्या एमआरपीचा माल पडून होता. गिऱ्हाईक नवा भाव मागत होतं आणि ते बरोबरच होतं. तो फरक सांभाळत, नवे दर समजावत आम्ही दुकानोदुकानी फिरलो. पाच-दहा रुपयांच्या पुड्यात मात्र काही कंपन्यांनी किंमत तीच ठेवून वजन वाढवलं.

आमची तक्रार वेगळीच आहे. तोच माल आम्हाला एका भावाने आणि मोठ्या ऑनलाइन घाऊक कंपन्यांना त्याहून कमी भावाने, असं झालं की दुकानदार आम्हाला तोंडावर विचारतो, "तू का महाग?" यावरूनच जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या डिस्ट्रिब्युटरांनी काही मोठ्या कंपन्यांच्या मालावर बहिष्कार टाकला होता. सगळ्यांना एकच भाव द्या, स्पर्धेला आमची ना नाही.

राहता राहिला तुमचा फायदा. महिन्याचं सामान एकदम, रोखीने आणि मोठ्या पॅकमध्ये भरणार असाल तर होलसेल बाजारात किंवा मोठ्या मॉलमध्ये नक्की स्वस्त पडेल, कारण पेटी फोडणं, घरपोच आणणं आणि पैशासाठी थांबणं या तिन्ही गोष्टी तिथे तुम्ही स्वतःवर घेता. पाच रुपयांचा पुडा रात्री नऊ वाजता घराशेजारी हवा असेल तर तो याच साखळीतून येणार.