मुलगा सारखे हिटलरचे सिनेमे बघतो, काय करू?

दहावी ते बारावीच्या मुलांचे आईवडील हा प्रश्न मला बऱ्याचदा विचारतात. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण भीती एकच असते. मुलगा रात्री उशिरापर्यंत नाझींचे, युद्धाचे, गणवेशातल्या माणसांचे चित्रपट आणि क्लिपा बघतो, तेव्हा त्याच्या डोक्यात काही भलतंच तर शिरत नाही ना? मोबाईल काढून घ्यावा का? त्यातली एक केस इथे सांगते. घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा अकरावीत, सायन्सला. आधी आई एकट्याच भेटायला आल्या. जेवताना टीव्हीवर बातम्या चालू होत्या आणि मुलगा म्हणाला, ‘या देशाला हिटलरच पाहिजे.’ त्यांच्या घशाखाली घास उतरेना. मग त्यांनी त्याच्या मोबाईलची हिस्ट्री बघितली आणि जास्तच घाबरल्या.

पुढच्या भेटीला मुलगा आला. हडकुळा, बोलायला तयार पण नजर खाली. मी चित्रपटांवर काही बोलले नाही. सगळ्यात जास्त वेळा बघितलेली क्लिप दाखव म्हटलं. त्यानं लगेच लावली. पाऊण मिनिटाचा व्हिडिओ, जोरकस संगीत, हजारो माणसं सरळ रांगांत, झेंडे, मधल्या मोकळ्या वाटेनं चालत जाणारी तीन माणसं. ती क्लिप मला ओळखीची होती. १९३४च्या न्युरेंबर्गच्या पक्षमेळाव्याचं हे चित्रण, लेनी रिफेन्स्टाल या दिग्दर्शिकेनं हिटलरच्या सांगण्यावरून केलेलं. त्याचा चित्रपट १९३५मध्ये आला. त्यावर आजच्या कुणीतरी नवं संगीत चढवलं होतं.

ही क्लिप आम्ही आवाज बंद करून पुन्हा बघितली. मी विचारलं, कॅमेरा कुठे आहे? तो म्हणाला, वर. हे वर जाणं कसं जमवलं होतं ते मी सांगितलं. मैदानातल्या उंच ध्वजस्तंभाला चक्क एक छोटी लिफ्ट बसवली होती, त्यातून कॅमेरामन वर सरकत चित्रण करत होता. वरून माणसं दिसत नाहीत, रांगा दिसतात. नेता दाखवायचा तेव्हा मात्र कॅमेरा खाली जातो आणि त्याच्या पाठीमागे आभाळ येतं. मग मी विचारलं, या चौकटीत तू कुठे उभा आहेस? तो जरा थांबला आणि म्हणाला, ‘मधून चालतोय त्याच्या जागी.’ रांगेत का नाही? ‘रांगेतला कोण लक्षात ठेवतो, मॅडम?’

इथे केस माझ्यासाठी उलगडायला लागली. कॉलेजात दोन मुलं त्याची वर्षभर टर उडवत होती. बॅग लपवणं, चालण्याची नक्कल, वर्गाच्या ग्रुपवर त्याचे फोटो टाकणं. घरी यातलं काहीच माहीत नव्हतं. ज्याच्यासमोर सगळे गप्प उभे राहतात अशा माणसाच्या जागी बसून बघण्यात त्याला रोज रात्री थोडा वेळ सुटका मिळत होती. माझं ठाम मत आहे की अशा मुलाला आधी राजकारणाचा धडा देऊ नये. छळ थांबवायला हवा होता. आई आणि मी कॉलेजच्या शिक्षकांशी बोललो, ते काम वेगळं चाललं आणि त्याला वेळ लागला.

जेवणाच्या टेबलावरच्या त्या वाक्याबद्दलही मी विचारलं. तो सहज म्हणाला, ‘ते माझं नाहीये, बाबांचं आहे. कुणी सिग्नल तोडला की बाबा तेच म्हणतात.’ आपल्याकडे किती घरांत, किती रिक्षांत, किती रांगांत हे वाक्य ऐकू येतं! मोठी माणसं ते बोलून विसरतात. घरातला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा विसरत नाही.

क्लिपांवर तो पोचला होता ‘डाउनफॉल’वरून, म्हणजे हिटलरच्या शेवटच्या दिवसांवरच्या २००४च्या जर्मन चित्रपटावरून. बंकरमधला हिटलरचा आरडाओरडा आणि खाली गमतीची खोटी सबटायटल्स, हे व्हिडिओ आपल्या मुलांनी भरपूर बघितलेत. त्यातून त्यानं मूळ चित्रपट शोधला, पण पुढे ढकलत ढकलत बघितला. शेवट बघितला नव्हता. शेवटी हिटलरची खरी सचिव, ट्राउडल युंगे, म्हातारपणी कॅमेऱ्यासमोर बोलते. आपण तरुण होतो, आपल्याला काही ठाऊक नव्हतं, असं ती स्वतःला सांगत आली होती. मग एक दिवस म्युनिकमध्ये तिनं सोफी शोलचा स्मृतिफलक बघितला. जवळपास आपल्याच वयाची मुलगी, आणि आपण हिटलरकडे कामाला लागलो त्याच सुमाराला तिला मृत्युदंड झाला, हे तिच्या लक्षात आलं. तरुण असणं ही सबब होऊ शकत नाही, असं ती म्हणते. मुलानं विचारलं, सोफी शोल कोण?

पुढच्या भेटींत आम्ही तिच्यावरचा २००५चा चित्रपट तुकड्या-तुकड्यानं बघितला. १८ फेब्रुवारी १९४३ला सोफी आणि तिचा भाऊ हान्स म्युनिक विद्यापीठात हिटलरविरोधी पत्रकं ठेवतात, उरलेला गठ्ठा सोफी वरच्या कठड्यावरून इमारतीच्या आतल्या चौकात ढकलते आणि तिथला शिपाई याकोब श्मिड त्यांना पकडतो. २२ फेब्रुवारीला खटला चालतो आणि त्याच दिवशी दोघांचा आणि ख्रिस्तोफ प्रोब्स्टचा शिरच्छेद होतो. सोफी २१ वर्षांची होती. चित्रपटाचा गाभा म्हणजे चौकशीचे प्रसंग. ते गेस्टापोच्या, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांच्या, मूळ नोंदींवर बेतलेले आहेत. एक टेबल, एक दिवा, कागद, आणि समोर रोबर्ट मोर नावाचा अधिकारी. तो ओरडत नाही. तुला भावानं नादी लावलं असं म्हण, म्हणजे वाचशील, अशी वाट तो तिला दाखवतो. ती नाही म्हणते.

सोफी मुलाला आवडली, पण तो अडकला शिपायापाशी. श्मिडला पुढे तीन हजार मार्क बक्षीस मिळालं आणि विद्यार्थ्यांनी त्याचा जयजयकार केला, हे मी सांगितल्यावर त्यानं विचारलं, ‘बक्षीस नसतं तरी त्यानं पकडून दिलं असतं का?’ मी उत्तर दिलं नाही. आजवर तो फक्त मधून चालणाऱ्याच्या जागी बसून बघत होता. आता तो शिपायाच्या जागी, चौकशीच्या टेबलाच्या या बाजूला, त्या बाजूला फिरायला लागला होता. मला तेवढंच हवं होतं.

आईंना मी हान्स शोलची गोष्ट सांगितली. हान्स आणि सोफी दोघंही आधी नाझी युवक संघटनांत होते आणि तेही उत्साहानं. वडील रोबर्ट शोल यांना हिटलर पहिल्यापासून नकोसा होता, ते मुलांशी वाद घालत, तरी मुलं गेली. न्युरेंबर्गच्या अशाच एका मेळाव्यात हान्सनं झेंडा धरला होता. तिथून परतला तो मन उडालेला. पुढे १९३७मध्ये स्वतःलाच अटक झाली, नंतर सैन्यात वैद्यकीय विद्यार्थी म्हणून रशियन आघाडी बघितली. वडिलांनी एवढ्या वर्षांत वाद सोडला नाही आणि मुलांना घरही बंद केलं नाही. आकर्षण वाटलं म्हणजे मुलगा हातचा गेला, असं नसतं, हे त्या माउलीला या एका गोष्टीनं जितकं पटलं तितकं माझ्या समजावण्यानं पटलं नसतं.

काळजी कधी करावी तेही सांगते. मुलगा छळ सोसणाऱ्यांवर विनोद करू लागला, आपल्या आसपासच्या एखाद्या जातीधर्माच्या माणसांना तीच भाषा लावू लागला, अनोळखी ग्रुपांत रात्री लपून बोलू लागला, तर थांबू नका, मदत घ्या. याच्या उलट टोकाची मुलंही येतात. १९८५चा ‘कम अँड सी’ हा बेलारूसमधल्या जाळलेल्या गावांवरचा सोव्हिएत चित्रपट एकट्यानं बघून झोप उडालेली एक मुलगी माझ्याकडे आली होती. तो चित्रपट थोर आहे, पण पंधराव्या वर्षी, रात्री, हेडफोन लावून बघायचा नाही.

वडील यायला नाखूश होते. ‘शिस्त तरी लावली ना त्यानं’, हे त्यांचं पहिलं वाक्य. मी वाद न घालता एक काम दिलं. १९५९चा ‘द ब्रिज’ हा जर्मन चित्रपट मुलाच्या शेजारी बसून पूर्ण बघा. एप्रिल १९४५, सोळा वर्षांची सात शाळकरी मुलं, नुकतीच गणवेशात घातलेली, गावातला पूल राखतात. एकच वाचतो. आणि तो पूल जर्मन सैन्य स्वतःच उडवून देणार होतं. या शेवटच्या गोष्टीवर बापलेकांचं रात्री दीडपर्यंत भांडण झालं. त्या मुलांना हे आधीच सांगायला हवं होतं, असं वडील म्हणत होते. मुलगा म्हणत होता, बाबा, शिस्तीत प्रश्न विचारायचा नसतो असं तुम्हीच म्हणता. सिग्नलवरचं ते वाक्य त्यानंतर कमी झालंय, असं आई सांगतात.

मोबाईल काढून घेतला नाही. रात्री अकरानंतर तो हॉलमध्ये चार्जिंगला राहतो. हे झोपेसाठी आहे आणि त्यावर मी मुलाशी घासाघीस केली नाही. शनिवारी घरात एक चित्रपट सगळ्यांनी मिळून बघायचा, असं ठरलं. गेल्या महिन्यात फ्रान्झ येगरश्टेटरवरचा झाला. हा ऑस्ट्रियातला शेतकरी. हिटलरच्या नावानं शपथ घ्यायला त्यानं नकार दिला आणि ऑगस्ट १९४३मध्ये त्याला मारलं. बिशपनंही त्याला माघार घ्यायला सुचवलं होतं. आई चिडल्या होत्या : घरात बायको, तीन लहान मुली, आणि हा शपथेवर अडून बसतो? मुलगा म्हणाला, खोटी शपथ घेऊन घरी आलेला बाप त्या मुलींना काय सांगणार होता? फोनवर दोघांनी आपापली बाजू मला ऐकवली. अजून कुणी हटलेलं नाही. पुढची भेट महिन्याभरानं ठेवली आहे.